चोरबाजाराच्या शेजारी उभी राहिलेली बाजारपेठ : रशियातील 'वन-सी' कंपनीची वाटचाल



नियोजनबद्ध अर्थव्यवस्थेकडून बाजाराधिष्ठित अर्थव्यवस्थेकडे झालेले रशियाचे संक्रमण हा विषय पाठ्यपुस्तकांतून बहुधा तेल, नैसर्गिक वायू, पोलाद आणि सरकारी कारखान्यांचे खासगीकरण यांच्या आधारे शिकवला जातो. त्यात चूक काही नाही. परंतु बौद्धिक संपदा, किंमतनिर्धारण आणि वितरणव्यवस्था हे तीन प्रश्न एकाच ठिकाणी पाहावयाचे असतील, तर संगणकीय खेळांच्या व्यापाराकडे वळावे लागते. ही वस्तू वरकरणी किरकोळ भासते. तिच्या निर्मितीचा सारा खर्च पहिल्या प्रतीवर होतो आणि दुसऱ्या प्रतीचा खर्च जवळजवळ शून्य असतो. अशा वस्तूची बाजारपेठ जेथे कायदा नवा आहे, न्यायालये दुबळी आहेत आणि ग्राहकाचा खिसा रिकामा आहे तेथे कशी उभी राहते, याचे उत्तर मॉस्कोतील 'वन-सी' या कंपनीच्या इतिहासात सापडते.

या इतिहासाला एक पूर्वपीठिका आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यास सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या मॉस्को येथील संगणक केंद्रात अलेक्सेई पाजित्नोव या संशोधकाने 'टेट्रिस' हा खेळ तयार केला. ज्या 'इलेक्ट्रॉनिका-६०' यंत्रावर तो प्रथम चालला, त्याच्या पडद्यावर चित्रे काढण्याची सोयही नव्हती. कंसांच्या चिन्हांनी ठोकळे दाखवले जात. हा खेळ हातोहाती सर्वत्र पसरला. पाश्चात्त्य कंपन्यांत त्याच्या हक्कांवरून मोठा वाद झाला आणि अखेर १९८९ मध्ये 'एलोर्ग' या सोव्हिएत सरकारी व्यापारसंस्थेने हातात धरावयाच्या यंत्रांसाठीचे हक्क जपानच्या निन्टेन्डो कंपनीला दिले. 'गेम बॉय' या यंत्रासोबत हा खेळ जगभर कोट्यवधी घरांत पोहोचला. त्याच्या कर्त्याला मात्र स्वतःच्या निर्मितीवरील हक्कांचा लाभ १९९६ पासून मिळू लागला, आणि तोही अमेरिकेत स्थायिक झाल्यावर. सोव्हिएत संघाजवळ गणिती होते, अभियंते होते. निर्मितीला बाजारात नेणारी आणि तिचे मोल कर्त्यापर्यंत परत आणणारी संस्था तेवढी नव्हती.

हिशेबनिसांची कंपनी

'वन-सी'ची स्थापना १९९१ मध्ये बोरिस नुरालियेव यांनी केली. नुरालियेव हे अर्थशास्त्र व संख्याशास्त्राच्या शिक्षणातून आलेले आणि सोव्हिएत संख्याशास्त्र विभागाच्या संगणकीय यंत्रणेत काम केलेले गृहस्थ. हवी ती माहिती एका सेकंदाच्या आत शोधून देणारी प्रणाली असावी, या कल्पनेवरून कंपनीचे नाव पडले असे सांगितले जाते. रशियन लिपीतील जे अक्षर रोमन 'सी'सारखे दिसते त्याचा उच्चार 'एस' असा होतो. त्यामुळे स्वदेशात 'ओदिन एस' म्हणून ओळखली जाणारी ही कंपनी परदेशात 'वन-सी' झाली.

आरंभी तिचा व्यवसाय परदेशी सॉफ्टवेअरच्या वितरणाचा होता. परंतु २ जानेवारी १९९२ रोजी रशियाने बहुतेक वस्तूंच्या किमतींवरील सरकारी नियंत्रण उठवले आणि त्या एका वर्षात भाववाढीने सुमारे २,५०० टक्क्यांची पातळी गाठली. याच काळात लाखो लहान खासगी उद्योग जन्माला येत होते. प्रत्येकाला हिशेब ठेवणे भाग होते आणि हिशेबाचे व कराचे नियम दर काही महिन्यांनी बदलत होते. १९९२ मध्ये कंपनीने हिशेबलेखनाची स्वतःची प्रणाली बाजारात आणली. तिच्या विकासाची धुरा बोरिस यांचे बंधू सर्गेई नुरालियेव यांच्याकडे होती. संगणकाचे जुजबी ज्ञान असलेल्या हिशेबनिसालाही नव्या नियमांनुसार तिच्यात फेरबदल करता येत, हे तिचे वैशिष्ट्य.

ही प्रणाली चोरून वापरणारेही पुष्कळ होते. पण तिची प्रत चोरता येई. पुढच्या तिमाहीतील करविवरणाचा नवा नमुना, तो बसवून देणारा माणूस आणि अडल्यावर दूरध्वनीवर मिळणारे उत्तर चोरता येत नसे. कंपनीने गावोगावच्या लहान संगणक-व्यावसायिकांना फ्रँचायझी देऊन भागीदार केले. विक्री, बसवणी, प्रशिक्षण आणि दुरुस्ती यांचे उत्पन्न मुख्यत्वे त्यांच्याकडे राही, त्यामुळे अधिकृत प्रत खपवण्यात त्यांचा स्वतःचा स्वार्थ गुंतलेला असे. भारतीय वाचकाला येथे 'टॅली'ची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. बंगळुरूच्या या हिशेबप्रणालीचा प्रसारही स्थानिक विक्रेते, प्रशिक्षणवर्ग आणि बदलती करपद्धती यांच्याच आधारे झाला. २००५ मधील मूल्यवर्धित कर आणि २०१७ मधील वस्तू व सेवा कर या दोन्ही वेळी अद्ययावत प्रणालीची गरज लहानातल्या लहान दुकानदारापर्यंत पोहोचली होती.

खेळांच्या बाबतीत हा उपाय लागू पडत नव्हता. खेळ ही तयार वस्तू. एकदा तबकडी हाती आली की त्या काळच्या ग्राहकाला निर्मात्याकडे पुन्हा जाण्याचे कारण उरत नसे.

गोर्बुश्का

या बाजारात कंपनीच्या आधी कोण होते, हे पाहणे उद्बोधक आहे. डिसेंबर १९९२ मध्ये 'स्टीपलर' या मॉस्कोतील कंपनीने 'डेंडी' नावाचे खेळयंत्र विक्रीस आणले. तैवानमध्ये जोडणी झालेली ती निन्टेन्डोच्या यंत्राची नक्कल होती. मूळ जपानी कंपनी रशियात नव्हती, तिला अडवणारा परिणामकारक कायदाही नव्हता. छोट्या हत्तीचे चित्र असलेले हे यंत्र इतके लोकप्रिय झाले की १९९४ मध्ये खुद्द निन्टेन्डोने आपल्या पुढच्या यंत्राच्या वितरणासाठी स्टीपलरशीच करार केला. नक्कल करणाऱ्याला अधिकृत प्रतिनिधी नेमण्याची ही घटना तिऱ्हाइताला विचित्र वाटेल. परंतु ज्याच्याजवळ वितरणाचे जाळे आहे त्याला डावलून बाजारात शिरणे किती अवघड असते, हे तीवरून कळते. स्टीपलर १९९६ मध्ये बंद पडली.

त्यानंतर सीडींचे युग आले. पश्चिम मॉस्कोतील गोर्बुनोव्ह सांस्कृतिक भवनाच्या परिसरात भरणारा, 'गोर्बुश्का' या लाडक्या नावाने ओळखला जाणारा बाजार म्हणजे चोरट्या तबकड्यांची जणू राजधानी. गाणी, चित्रपट, कचेरीतील प्रणाली, खेळ, सारे काही तेथे दोन-चार डॉलरांत मिळे. २००१ मध्ये हा उघड्यावरचा बाजार 'रुबिन' या दूरचित्रवाणी संचांच्या जुन्या कारखान्याच्या आवारात हलवण्यात आला. सोव्हिएत काळात जेथे दूरचित्रवाणी संच तयार होत, तेथे आता परदेशी वस्तूंचे गाळे लागले.

या चोरट्या व्यापाराकडे केवळ गुन्हा म्हणून पाहिल्यास निम्मे चित्र नजरेआड राहते. पाश्चात्त्य प्रकाशक आपला खेळ चाळीस-पन्नास डॉलरांना, इंग्रजीत आणि तोही मोजक्या दुकानांत विकत असत. चोरटे प्रकाशक तोच खेळ रशियन भाषेत आणत. भाषांतरे बहुधा ओबडधोबड, कधी अनवधानाने विनोदी असत. पण ग्राहकाला आपल्या भाषेतील प्रत फक्त तेथेच मिळे. 'फार्गस' या चोरट्या छापाची भाषांतरे त्यातल्या त्यात बरी म्हणून ख्याती पावली. तेव्हा इतर चोरट्यांनी आपल्या निकृष्ट तबकड्यांवर फार्गसचे चिन्ह छापण्यास सुरुवात केली. चोरावर मोर म्हणतात तो हाच प्रकार. जेथे कायद्याने बोधचिन्हाचे संरक्षण होऊ शकत नाही, तेथेही ग्राहक गुणवत्तेची खूण शोधतोच. अधिकृत बाजारपेठेची मागणी त्या चोरबाजारातच दडलेली होती, असे म्हणावयास हरकत नाही.

कायदे मात्र कागदावर वेगाने येत होते. संगणक कार्यक्रमांच्या संरक्षणाचा कायदा १९९२ चा, स्वामित्वहक्काचा कायदा १९९३ चा. १९९५ मध्ये रशिया बर्न करारात सामील झाला. परीक्षेत या तारखा विचारल्या जाऊ शकतात. मात्र त्या वर्षांत गोर्बुश्कावरील गर्दी कमी झाली नव्हती, हेही त्यांच्याजोडीने लक्षात ठेवावे.

किंमत हेच शस्त्र

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मॉस्कोत खेळांचे अधिकृत प्रकाशक पुढे आले. 'बुका' ही त्यांपैकी महत्त्वाची कंपनी. कलिनिनग्रादच्या 'के-डी लॅब'चा 'वँगर्स', मॉस्कोच्या 'निवाल'चा 'अलोदी' आणि नोवोसिबिर्स्कच्या 'सॉफ्टलॅब'चा ट्रकचालकांवरील 'दाल्नोबोइश्चिकी', असे १९९८ मधील तीन उल्लेखनीय देशी खेळ तिने प्रकाशित केले. 'वन-सी'ही हिशेबाच्या प्रणालींबरोबर शालेय विषयांच्या 'रेपेतितोर', म्हणजे खासगी शिक्षक, या नावाच्या तबकड्या आणि खेळ विकू लागली होती. भागीदारांचे जाळे तयार होतेच. हिशेबाची प्रणाली घेऊन जाणाऱ्या वाहनात खेळांचा गठ्ठा टाकण्यास वेगळा खर्च फारसा येत नव्हता. अर्थशास्त्रात ज्याला व्याप्तीचा लाभ म्हणतात, त्याचे याहून सुबोध उदाहरण मिळणे कठीण.

ऑगस्ट १९९८ मध्ये रशियन सरकारने कर्जफेड थांबवली आणि रूबल कोसळला. डॉलरला सहा रूबल असलेला दर वर्षअखेरीस वीस रूबलांच्या पुढे गेला. डॉलरमध्ये किंमत ठरलेला आयात खेळ सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर गेला. चोरटी तबकडी मात्र देशातच दाबली जात असल्याने तिची रूबलमधील किंमत त्या प्रमाणात वाढली नाही. अधिकृत व्यापार जवळजवळ संपतो की काय, अशी स्थिती होती.

या पेचातून 'ज्युएल' नावाने ओळखली जाणारी आवृत्ती प्रस्थापित झाली. मोठा पुठ्ठ्याचा खोका नाही, छापील पुस्तिका नाही. साधी प्लास्टिकची डबी आणि तीत तबकडी. २००० च्या दशकाच्या आरंभी तिची किंमत शंभर रूबलांच्या आसपास, म्हणजे चोरट्या तबकडीपेक्षा किंचितच अधिक ठेवण्यात येई. त्या किंचित अधिक पैशांत ग्राहकाला न अडकता चालणारी तबकडी, चांगले भाषांतर, अनेकदा व्यावसायिक नटांच्या आवाजातील संवाद आणि बिघाड झाल्यास दाद मागण्याची जागा मिळे. चोराला परदेशी खेळ भाषांतरित करण्यास काही आठवडे लागत. अधिकृत प्रकाशकाने मूळ कंपनीशी आधीच करार केला असेल तर तो तितक्याच वेळात किंवा आधी बाजारात येऊ शके. देशी खेळाच्या बाबतीत तर चोराचा मुख्य गुण, म्हणजे भाषांतर, निरुपयोगीच ठरे.

पाश्चात्त्य कंपन्यांना इतकी कमी किंमत प्रथम मान्य नव्हती. रशियात तीन डॉलरांना विकलेली तबकडी जर्मनीत परत येईल, ही भीती रास्त होती. त्यावर उपाय म्हणून स्वस्त आवृत्ती बहुधा केवळ रशियन भाषेत काढली जाई. एकच वस्तू दोन बाजारपेठांत दोन किमतींना विकावयाची, तर मधली गळती रोखणारी भिंत हवी. येथे ती भिंत भाषेची होती. किंमतभेदाच्या सिद्धान्तातील ही अट विद्यार्थ्यांनी आकृतीत पाहिलेली असते. तिचे मूर्त रूप मॉस्कोच्या दुकानात प्लास्टिकच्या डबीत ठेवलेले होते.

बिझनेस सॉफ्टवेअर अलायन्स या उद्योगसंघटनेच्या अंदाजानुसार रशियातील अनधिकृत सॉफ्टवेअरचे प्रमाण २००४ मध्ये ८७ टक्के होते. २००९ मध्ये ते ६७ टक्क्यांवर आले. हे आकडे प्रामुख्याने कचेरीतील प्रणालींविषयीचे आणि हितसंबंध असलेल्या संघटनेचे आहेत, त्यामुळे ते दिशा दाखवण्यापुरतेच वापरावेत. शिवाय या काळात तेलाच्या वाढत्या उत्पन्नाने लोकांची क्रयशक्ती वाढली होती, २००६ मध्ये अमेरिकेबरोबर बौद्धिक संपदेविषयी करार झाला होता आणि १ जानेवारी २००८ पासून नागरी संहितेचा चौथा भाग लागू झाला होता. घट कोणत्या कारणाने किती झाली, हे वेगळे काढणे सोपे नाही. मात्र कायद्याची अंमलबजावणी दृढ होण्याच्या कित्येक वर्षे आधी स्वस्त अधिकृत तबकडी दुकानांत पोहोचलेली होती, या कालक्रमाकडे दुर्लक्ष करता येत नाही.

स्वस्ताईचे मोल

शंभर रूबलांच्या तबकडीतून विक्रेता, वितरक, कारखाना आणि प्रकाशक यांचे वाटे गेल्यावर निर्मात्याच्या हाती फारच थोडे उरे. वीस-पंचवीस जणांच्या चमूने दोन-तीन वर्षे राबून केलेल्या खेळाचा खर्च केवळ देशातील विक्रीतून भरून निघणे दुरापास्त होते. परिणामी काही प्रकाशकांनी झटपट, कच्चे खेळ मोठ्या संख्येने बाजारात ओतले आणि देशी खेळांची प्रतिमा खालावली. हा स्वस्त किमतीच्या धोरणाचा दोष होय. त्याचे समर्थन करण्याचे कारण नाही.

ज्यांना दर्जा राखावयाचा होता, त्यांच्यापुढे निर्यातीचा मार्ग होता. ओलेग मॅडॉक्स यांच्या चमूने तयार केलेला 'इल-२ श्तुर्मोविक' हा विमानोड्डाणाचा खेळ २००१ मध्ये आला. दुसऱ्या महायुद्धात छत्तीस हजारांहून अधिक संख्येने तयार झालेल्या सोव्हिएत विमानाचे नाव त्याला दिले होते. रशियात 'वन-सी'ने आणि पाश्चात्त्य देशांत फ्रान्सच्या युबिसॉफ्टने तो प्रकाशित केला. विमानाच्या उड्डाणाचे गणित इतक्या बारकाईने मांडलेले होते की त्या प्रकारातील तो मानदंड मानला गेला. सोव्हिएत काळातील अभियांत्रिकी शिक्षणाचा वारसा असा अनपेक्षित ठिकाणी फळास आला. २००२ मध्ये व्लादिवोस्तोकच्या 'एलिमेंटल गेम्स'चा 'स्पेस रेंजर्स' आला. मॉस्कोपासून रेल्वेने नऊ हजार किलोमीटरांहून अधिक दूर असलेल्या बंदरातील तरुणांना राजधानीतील प्रकाशक मिळणे, ही गोष्ट एका दशकापूर्वी अशक्य कोटीतील होती. पुढे 'किंग्ज बाउंटी : द लेजेंड' २००८ मध्ये आणि युक्रेनमधील 'बेस्ट वे' या चमूचा 'मेन ऑफ वॉर' २००९ मध्ये प्रकाशित झाला.

दरम्यान कंपनी विस्तारत होती. मध्य युरोपात खेळांचे वितरण करणारी 'सेनेगा' आणि देशातील मोठी वितरक 'सॉफ्टक्लब' तिच्या छत्राखाली आल्या. २००८ मध्ये तिने जुनी प्रतिस्पर्धी 'बुका' विकत घेतली. त्याच वर्षी तेलाची किंमत जुलैतील पिंपामागे १४७ डॉलरांवरून डिसेंबरात चाळीसच्या खाली घसरली आणि रशियन ग्राहकाचा हात पुन्हा आखडला. अनेक लहान निर्माते त्या मंदीत नाहीसे झाले.

मंदी ओसरली, पण तबकडी परतली नाही. अमेरिकेच्या 'व्हॉल्व्ह' कंपनीची 'स्टीम' ही इंटरनेटवरील विक्रीव्यवस्था रशियात रुजली. २०११ मध्ये कंपनीचे प्रमुख गेब न्यूवेल यांनी चोरटी नक्कल हा बहुतांशी किमतीचा नव्हे, सेवेचा प्रश्न आहे अशी भूमिका मांडली आणि दाखला म्हणून रशियाचे नाव घेतले. त्यांचे म्हणणे अर्धेच ग्राह्य धरावे लागेल. सेवा महत्त्वाची खरीच. पण परवडणाऱ्या किमतीला पैसे मोजून अधिकृत खेळ घेण्याची सवय रशियन ग्राहकाला 'ज्युएल'ने दहा वर्षे लावलेली होती. ज्या वितरकांनी ती सवय लावली, त्यांचीच गरज नव्या व्यवस्थेत उरली नाही. गावोगावचे भागीदार, गोदामे, तबकड्या दाबणारे कारखाने, हे सारे भांडवल काही वर्षांत निरर्थक झाले. 'वन-सी'ला हा आघात पेलता आला, कारण तिचा पाया हिशेबप्रणालीचा होता.

२०१२ मध्ये रशिया जागतिक व्यापार संघटनेचा सदस्य झाला आणि बौद्धिक संपदेबाबतची बांधीलकी त्याने स्वीकारली. दहा वर्षांनी चित्र पालटले. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झाले; मार्चमध्ये सोनी, निन्टेन्डो, मायक्रोसॉफ्ट आदी कंपन्यांनी रशियातील विक्री थांबवली, तर व्हिसा व मास्टरकार्ड यांनी तेथील व्यवहार बंद केल्याने परदेशी विक्रीव्यवस्थांवर पैसे भरण्याचा नेहमीचा मार्ग खुंटला. त्याच महिन्यात रशियन सरकारने समांतर आयातीस, म्हणजे हक्कधारकाच्या संमतीवाचून वस्तू देशात आणण्यास, परवानगी देणारा निर्णय घेतला. गोर्बुश्काच्या काळात प्रकाशकांना ज्या गळतीची धास्ती होती, तिची दिशा आता उलटी झाली होती आणि तिला सरकारी मान्यता मिळाली होती.

कंपनीचा आंतरराष्ट्रीय प्रकाशन विभाग चीनच्या टेन्सेंट समूहाने घेतल्याचे वृत्त फेब्रुवारी २०२२ मध्येच आले. एप्रिलमध्ये त्याचे नाव 'फुलक्रम पब्लिशिंग' झाले. मूळ कंपनीजवळ हिशेबप्रणालीचा व्यवसाय राहिला, आणि जर्मनीच्या सॅपसारख्या कंपन्यांनी रशियातून काढता पाय घेतल्यावर मोठ्या उद्योगांची मागणीही तिच्याकडे वळली. 'बेस्ट वे' चमूचे मूळ गाव सेव्हेरोदोनेत्स्क. ते जून २०२२ मध्ये रशियन सैन्याने ताब्यात घेतले. दुसऱ्या महायुद्धावरील त्यांचा 'मेन ऑफ वॉर २' हा खेळ मे २०२४ मध्ये प्रकाशित झाला, फुलक्रमच्या नावाने.